टेबलाखालची टोपली

बाबांना कचेरीत 'दोन मिनिटं' म्हणायचे. जमीन मोजणीच्या कचेरीतल्या दप्तरखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. कुणी चाळीस वर्षांपूर्वीचा नकाशा मागितला तरी बाबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "दोन मिनिटं," आणि खरोखर दोनच मिनिटं लागत. साहेब बदलले, इमारतीला दोनदा रंग लागला, पण बाबांच्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. घरात मात्र त्यांना स्वतःचे मोजे सापडायचे नाहीत. ते आई शोधून द्यायची, आणि दोन मिनिटांच्या आत द्यायची.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. औषधांच्या गोदामात नोकरी करते. मुदत संपलेला माल शोधून बाहेर काढणं हे माझं काम. आठवड्यातले दोन दिवस मी नुसत्या बाटल्यांवरच्या तारखा वाचते आणि खोकी भरते. हे सांगायचं एवढ्यासाठी, की नको असलेली वस्तू पडून राहिलेली दिसली की माझे हात शिवशिवतात. शिवाय मी तापट आहे. धडाधड काम उरकायचं आणि मग दुसऱ्यांनी हळू चालावं याचा राग करायचा, हा माझा स्वभाव.

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. त्यांच्या मेलच्या कंपनीने कळवलं होतं की महिनाअखेरीपासून त्यांचा जुना मेलचा प्रोग्रॅम चालणार नाही. ती सूचना त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली, स्वल्पविरामासकट. मग म्हणाले, "नवा निवडावा लागेल. तू येशील का?" बाबांनी मला 'येशील का' असं कधी विचारलेलं मला आठवत नाही. मी चार दिवसांची रजा टाकली आणि गेले.

तो प्रोग्रॅम त्यांना एवढा महत्त्वाचा का, हे आधी सांगायला हवं. मला जुळ्या मुली झाल्या तेव्हा आई माझ्याकडे आली ती सहा वर्षं राहिली. बाबांची नोकरी तिकडे, त्यामुळे ते तिकडेच. आई बहुतेक रोज संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरवर बसायची आणि एका बोटाने टाइप करत बाबांना मेल लिहायची. 'अहो' पासून सुरू. मी पाठीमागून जाताना हटकून म्हणायची, "फोन कर ना सरळ, पाच मिनिटांत होईल." ती म्हणायची, "फोनवर ते 'बरं' म्हणतात आणि ठेवतात. लिहिलं की त्यांना वाचावं तरी लागतं."

मुली शाळेत जायला लागल्यावर आई परत गेली. बाबा निवृत्त झाले. चार वर्षं दोघांनी मजेत काढली, आणि मग आई एकेक गोष्ट विसरायला लागली. आधी गॅस, मग रस्ता, मग मला. आता ती मला 'ताई' म्हणते आणि बाबांना 'साहेब'. दिवसभर तशी शांत असते. पण दुपारी तीन वाजले की तिला काय होतं कुणास ठाऊक, तिला घरी जायचं असतं. हे तिचं घर नाही. ती दाराची कडी ओढत राहते, रडते, मध्येच बाबांना मारतेही. डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहिल्या. त्या गोळ्यांनी ती नुसती पेंगायची आणि पेंगतानाही रडायची.

उपाय सापडला तो योगायोगाने. एका दुपारी बाबा कॉम्प्युटरवर तिचीच एक जुनी मेल उघडून पुटपुटत वाचत होते. आई कडी सोडून आली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "मोठ्याने वाचा की, साहेब." त्या दिवसापासून रोज तीन वाजता एक पत्र. पत्र कुणा दुसऱ्या बाईचं आहे असं समजून ती ऐकते, हसते, "पुढे?" म्हणते. पत्र संपलं की चहा घेते आणि झोपते. अडीच वर्षं हेच चाललं होतं. आईजवळ दुसरं काही उरलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर बाबांजवळही नव्हतं.

मी पोचले त्या दिवशी दाराआडून ऐकलं. बाबा कचेरीत परिपत्रक वाचावं तसं एकसुरी वाचत होते.

"अहो, आज धाकटीने माझ्या बुटात पाणी भरून आणलं. म्हणाली, आजी तू दमलीस, पी. मी प्यायचं नाटक केलं. तुम्हाला म्हणून सांगते, थोडं प्यायलेसुद्धा. इतक्या प्रेमाने कुणी पाणी दिलंय कधी? तुम्ही तर नाहीच. आपली लेक आज माझ्यावर फार ओरडली, दुधाचं पातेलं करपलं म्हणून. रात्री येऊन माझ्या पाठीशी झोपली. बोलली काही नाही. मीही झोपल्याचं सोंग केलं, नाहीतर उठून गेली असती. गॅलरीतल्या कुंडीला पाणी घाला."

आई बुटाच्या पाण्याला टाळ्या वाजवून हसली. "बाई मोठी वस्ताद आहे," म्हणाली. मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. ती जागी होती हे मला अकरा वर्षांनी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निवडीला बसलो. बाबांनी तयारी करून ठेवलीच होती. फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा आखून डाव्या बाजूला अटी लिहिल्या होत्या. पत्रं आपल्याच घरात, आपल्याच मशीनवर राहिली पाहिजेत. इंटरनेट बंद असताना उघडली पाहिजेत, कारण दुपारी ते हटकून बंद पडतं. अक्षर मोठं करता आलं पाहिजे. आणि प्रोग्रॅम फुकट पाहिजे.

"फुकट कशाला? मी भरते की वर्षाचे," मी म्हटलं.

"दर वर्षी भरायचं म्हणजे दर वर्षी कुणीतरी लक्षात ठेवायचं," बाबा म्हणाले. "या घरात आता लक्षात ठेवणारा एकच आहे. त्याचंही वय झालंय."

तीन उमेदवार होते. बाबा त्यांना उमेदवारच म्हणत होते. पहिला दिसायला देखणा, पण पत्रांच्या यादीत मधेमधे जाहिराती घुसडायचा. बाबांनी एक जाहिरात पत्र समजून उघडली, तर गुडघ्याच्या पट्ट्याची निघाली. बाबा म्हणाले, "याला आपल्या घरातलं कसं कळलं?" आणि नावावर काट मारली. दुसरा फुकट म्हणवायचा, पण पत्रं आपल्या मशीनवर ठेवायचीच नाहीत, सगळी कंपनीकडे, असा त्याचा खाक्या. तिसरा जगभरातले लोक मिळून आपापल्या फावल्या वेळात तयार करतात. रूप जुनाट, बटणं ढीगभर, पण चारही अटी पुऱ्या करणारा.

"फावल्या वेळात करतात? फुकट?" बाबांनी पेन खाली ठेवलं. "मग काही झालं तर जबाबदार कोण?"

"काही होत नाही, बाबा."

"तरी. रकाना आहे, भरावा लागेल."

"माझं नाव लिहा," मी वैतागून म्हटलं. त्यांनी खरंच लिहिलं.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. नवा प्रोग्रॅम त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चढेना. आधी सगळी डिस्क पुसून नवी सिस्टिम घालावी लागेल, असं दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं. तो दुपारी येणार होता. म्हणजे त्याच्या आत जुन्या पत्रांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवायची. हे काम मी घेतलं. बाबा आईला आंघोळ घालायला गेले. त्याला तास लागतो, कारण दर तांब्याला आधी ते पाणी आहे हे तिला पटवावं लागतं.

मी जुना प्रोग्रॅम उघडला. आलेल्या पत्रांच्या खणात तीन मेल. बाकी शिस्तीत लावलेले खण होते: वीज, पाणी, पेन्शन, दवाखाना, आणि एक 'घर' नावाचा, त्यात चारशेच्या वर पत्रं. आईची पत्रं तिथे, असं मी धरून चालले. उघडून बघितलं नाही. नाव वाचलं आणि पुढे गेले. सगळ्यात खाली कचऱ्याच्या टोपलीचं चित्र होतं, आणि तिच्यापुढे आकडा, एक हजार चारशे बारा. मला हसू आलं. अख्खी कचेरी टापटीप ठेवणाऱ्या माणसाने इतक्या वर्षांत एकदाही कचरा काढलेला नाही! घर बदलताना कचरा कुणी सोबत नेतं का? मी टोपलीवर क्लिक केलं. टोपली कायमची रिकामी करायची का, असं मशीनने विचारलं. नक्की का, असंही विचारलं. मी दोन्ही वेळा 'हो' म्हटलं. मग उरलेल्याची प्रत काढली, ती उघडते का तेही तपासलं आणि स्वतःवर खूश झाले.

दुरुस्तीवाला वेळेवर आला. त्याने डिस्क पुसली, नवी सिस्टिम घातली, तिसरा उमेदवार चढवला. मी पेन ड्राइव्हवरून सगळे खण आत घेतले. अक्षर वीस आकाराचं केलं. बाबा दोन पावलं मागे जाऊन वाचून आले आणि म्हणाले, "हुशार आहेस." तेव्हा तीनला दहा कमी होते.

आई येऊन खुर्चीत बसली. हात मांडीवर. बाबांनी माउस हातात घेतला, यादी खालपर्यंत नेली, परत वर आणली.

"टोपली कुठे गेली?"

"ही काय. रिकामी आहे, मी साफ केली."

बाबांनी रिकाम्या टोपलीवर क्लिक केलं. मग पुन्हा केलं.

"काय झालं? आईची पत्रं 'घर'मध्ये आहेत ना?"

"'घर'मध्ये घरपट्टी आहे," बाबा म्हणाले. "इमारतीच्या नोटिसा. लिफ्ट. पत्रं टोपलीत असतात. वाचून, उत्तर देऊन झालं की टोपलीत."

मला हे माहीत होतं. शाळा सुटली की मी बाबांच्या कचेरीत जाऊन बसायची. दप्तरखान्यात प्रत्येक टेबलाखाली वेताची एक टोपली असायची. काम पुरं झालेला कागद टोपलीत. संध्याकाळी शिपाई टोपल्या गोळा करायचा, गठ्ठे बांधायचा, आणि गठ्ठे आतल्या लोखंडी फडताळात जायचे, कायमचे. त्या कचेरीत टोपलीइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. टेबलावरचा कागद हरवू शकतो, टोपलीतला नाही. फेकायच्या कागदांचं पोतं वेगळं, दाराशी ठेवलेलं, आणि त्यात हात घालायला दोन सह्या लागायच्या. मी त्याच टोपलीशेजारी पाटावर बसून अभ्यास केलाय. कधीकधी बाबा मला गठ्ठ्याची सुतळी धरायला द्यायचे. मशीनवर टोपलीचं चित्र पाहून बाबांनी सरळ तेच केलं होतं, आणि जुन्या प्रोग्रॅमने तेरा वर्षं ती टोपली कधी आपणहून रिकामी केली नाही. ते काम मी केलं. दोन सह्या लागायच्या, त्या दोन्ही मीच दिल्या.

"साहेब, वाचा ना," आई म्हणाली.

त्या दिवशी वाचायला काही नव्हतं. सव्वातीनला आई कडीशी गेली. बाबा तिला धरून लांबलचक व्हरांड्यात फेऱ्या घालत राहिले, या टोकाहून त्या टोकापर्यंत. ती रडत होती, "मला घरी सोडा हो, माझे मालक वाट बघत असतील." शेजारची दारं उघडली आणि बंद झाली. मी आत फोनवर फोन करत होते. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, पुसून वर नवीन घातलंय. आता त्यातून काय निघणार?" मेलच्या कंपनीतली बाई गोड आवाजात म्हणाली, एकदा उतरवून घेतलेल्या मेलची प्रत आमच्याकडे राहत नाही, तसं आपणच निवडलं होतं. निवडलं होतंच. पत्र पोचल्यावर पोस्टाने त्याची नक्कल कशाला ठेवावी, असं बाबांचं म्हणणं. आईचं खातं न वापरल्यामुळे कधीच बंद झालेलं. माझा तो कॉम्प्युटर मीच भंगारात दिला होता, जागा अडते म्हणून. जिकडे बघावं तिकडे माझाच हात. कुणावर तरी ओरडावं असं फार वाटत होतं, आणि ओरडायला कुणी नव्हतं.

पाचच्या सुमारास आई थकून झोपली. बाबा टेबलाशी येऊन बसले. मी म्हटलं, "बाबा, काहीतरी बोला. शिव्या द्या." त्यांनी तो रेघांचा फुलस्केप कागद पुढे ओढला. खाली लिहिलं, 'पत्रे १४१२, सापडत नाहीत.' जबाबदारच्या रकान्यातलं माझं नाव त्यांनी एका सरळ रेघेने खोडलं आणि तिथे स्वतःची सही केली. म्हणाले, "टोपलीचं तुला सांगायला हवं होतं. नवीन माणसाला सांगावं लागतं." मला त्यापेक्षा मार चालला असता.

मी म्हटलं, "तुम्हाला आठवत असतील ना? अडीच वर्षं रोज वाचताय. आपण लिहून काढू. मी बसते, तुम्ही सांगा."

"कुठलं पत्र कुठे आहे ते मी सांगू शकतो," बाबा म्हणाले. "चौतीस वर्षं तेवढंच केलं. कागदात काय आहे, ते मी कधी पाठ केलं नाही. कागद असताना कशाला करायचं?" आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की मी उठून त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. खांद्यावर हात ठेवायचं मला जमलं नाही. आमच्या घरात ती सवय नाही.

चौथा दिवस माझा परतीचा. गाडी संध्याकाळची होती. सकाळी बाबांनीच शोधून काढलं की पाठवलेल्या पत्रांचा खण शाबूत आहे. म्हणजे बाबांनी आईला दिलेली उत्तरं. सगळीच्या सगळी होती. उत्तराखाली मूळ पत्र आपोआप जोडलं जातं, ती सोय बाबांनी पहिल्याच दिवशी बंद केली होती. अर्जदाराला त्याचाच अर्ज परत पाठवायचा नसतो, म्हणून.

तीन वाजता आई येऊन बसली. बाबांनी घसा साफ केला.

"एक. पत्र पोचले. दोन. बुटातील पाण्याबाबत, पोट बिघडल्यास औषध घ्यावे. तीन. मुलीच्या रागाबाबत, दुर्लक्ष करावे. चार. कुंडीला पाणी घातले."

आई वाट बघत राहिली. "संपलं?"

"संपलं."

"हे कुणी लिहिलंय?"

"तिच्या नवऱ्याने."

"अगंबाई," आई माझ्याकडे वळून म्हणाली, "किती कोरडा माणूस आहे हा, ताई! तिने एवढं लिहायचं आणि याने नुसते आकडे घालायचे?" मग बाबांना म्हणाली, "साहेब, त्या बाईचं वाचा ना. तिने काय लिहिलं होतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षांत कुणी काही मागितलं आणि बाबांनी 'दोन मिनिटं' म्हटलं नाही असं झालं नसेल. आज त्यांचे ओठ नुसते हलले. म्हणून मी सांगायला लागले. धाकटीने बुटात पाणी कसं आणलं, आजी थोडं प्यायली कशी, दुधाचं पातेलं, लेकीचं ओरडणं. "आणि रात्री लेक येऊन पाठीशी झोपली. आई जागीच होती."

"मग बोलली का नाही?" आईने विचारलं.

"बोलली असती तर लेक उठून गेली असती."

आईने मान डोलावली. "बरोबर केलं बाईने," म्हणाली. तिचा हात कडीकडे गेला नव्हता, मांडीवरच होता. माझ्या जिवात जीव आला. बाबांनी घाईघाईने पुढचं उत्तर उघडलं.

"एक. पत्र पोचले. दोन. खालच्या मजल्यावरील बाईंबाबत, त्यांना तसे सांगावे. तीन. गाण्याबाबत, मलाही आठवले."

"कुठलं गाणं?" आई म्हणाली. "ताई, सांगा ना. कुठलं गाणं होतं?"

मला एकच पत्र येत होतं. दाराआडून ऐकलेलं तेवढं एकच. मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्यावरच्या तिसऱ्या ओळीकडे बघत होते. गाणं त्यांना त्या दिवशी आठवलं होतं, म्हणून तर तसं लिहिलं होतं. आज आठवत नव्हतं.

आईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. आमची अडचण तिला दिसली असावी, कारण ती पुढे वाकली आणि बाबांच्या हातावर थोपटून म्हणाली, "असू द्या, साहेब. आलं नसेल अजून. बघा बरं, टपाल आलंय का."

बाबांनी आज्ञाधारकपणे वर डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं. नव्या प्रोग्रॅमने काम सुरू केलं, खालची निळी पट्टी हळूहळू भरत गेली. आई टक लावून बघत होती. बाबा बघत होते. मीसुद्धा खुर्ची पुढे ओढली आणि बघत राहिले. पट्टी भरली आणि वीस आकाराच्या मोठ्या, स्वच्छ अक्षरांत लिहून आलं, नवीन पत्र नाही.

"पुन्हा दाबा," आई म्हणाली.